फुटाला पाव इंच

तात्यांच्या सदऱ्याच्या खिशात मी पेन कधी पाहिलं नाही. फूटपट्टी असायची. पोलादी, चकचकीत, एक फुटाची. खिसा चार बोटांचा आणि पट्टी फूटभर, त्यामुळे तिचं वरचं टोक बरोबर हनुवटीखाली यायचं. मान खाली घातली की टोचायचं. म्हणून तात्या कायम मान थोडी वर करून चालायचे आणि नवीन माणसाला वाटायचं, काय हा गर्व! मलाही तसंच वाटलं होतं. वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये आम्ही राहायला गेलो त्या दिवशी हा माणूस मान वर करून दारात आला, 'जय भीम' म्हणाला, आणि मी बसा म्हणायच्या आत पट्टी काढून आमची चौकट मोजायला लागला.

मी म्हटलं, "अहो, घर कंपनीचं आहे, आमचं नाही."

"ते म्हाईत हाय वैनी. पर टेम्पोत तुमचं कपाट बगितलं. तीस इंची हाय. आन ह्ये दार भरतंय साडेएकोणतीस. न्हाय जायाचं. उगं हमालास्नी ओरडू नगा."

आणि कपाट गेलं की हो! घासून गेलं, पण गेलं. तात्यांनी चौकटीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "उन्हानं फरक पडला आसंल." त्यांना काय म्हणायचं होतं, चौकट की कपाट, ते मला आजतागायत कळलं नाही.

तात्या पॅटर्न शॉपमध्ये होते. म्हणजे काय, ते मला समजायला दोन वर्षं लागली, तुम्हाला दोन ओळींत सांगते. कारखान्यात साखरेच्या यंत्रांची मोठमोठी दातेरी चाकं ओतायची असत. त्यासाठी आधी लाकडाचं हुबेहूब चाक करायचं, ते वाळूत दाबून साचा घ्यायचा, आणि साच्यात वितळलेलं पोलाद ओतायचं. ते लाकडाचं चाक तात्या करायचे. पण पोलाद गार होताना आकसतं. म्हणून लाकडाचं चाक जरासं मोठं करायचं. किती मोठं? तात्या झोपेत विचारलं तरी सांगायचे, "फुटाला पाव इंच."

या एका गोष्टीवर तात्यांनी सगळ्या जगाचा हिशोब मांडला होता. कुणी रागाने तणतणत आलं की तात्या म्हणायचे, "आता गरम हाय. गार झाल्यावर मोजा." कॉलनीत कुणाच्या मुलाला मोठ्या पगाराचं पत्र आलं की, "गार होऊ द्या." माझ्या थोरलीचं लग्न ठरलं, व्याह्यांनी दहा गोष्टी कबूल केल्या, तेव्हा तात्या माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वैनी, ह्यातनं फुटाला पाव इंच वजा धरा." मी धरलं. चांगलं एक फुटाला तीन इंच वजा गेलं, पण ते जाऊ दे.

तात्यांना घरीसुद्धा सुतारकामाची हौस दांडगी. मला भिंतीतल्या कोनाड्यासाठी फळी हवी होती. मी माझ्या शिवणाच्या टेपने मोजून आकडा चिठ्ठीवर दिला. तात्यांनी सागवानी फळी आणली, तिला अशी काही झिलई की तोंड दिसावं. आणि कोनाड्यात जाईना. बोटभर मोठी. तात्या शांतपणे म्हणाले, "कापडाची टेप कापडाला, वैनी. लाकडाला पट्टीच पायजे." मी निमूट ऐकून घेतलं. फुकटची फळी, वर तोंड कुठे करायचं!

त्यांच्या बायकोचं नाव सरस्वती. आम्ही सरूआक्का म्हणत असू. अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली. तात्यांकडे जुनी स्कूटर होती आणि आक्का मागे बसायची, एका हाताने तात्यांचा सदरा मुठीत धरून. तीस वर्षांत तात्यांचे सगळे सदरे उजव्या बाजूने लांबलेले. स्कूटर निघाली की आक्काचं बोलणं सुरू व्हायचं आणि तात्यांची मान "हां, हां" करत हलायची. इंदापूरच्या बाजारापर्यंत आणि परत. काय एवढं बोलतेस गं, असं मी एकदा विचारलं. आक्का म्हणाली, "समोर बसून बोललं की वाद घालत्यात. मागनं कानात सांगितलं की व्हय म्हणत्यात. ह्यो बंगला काय उगं झालाय?"

बंगला म्हणजे पणदऱ्याचं तीन खोल्यांचं घर. निवृत्त झाल्यावर तात्या तिथं राहायला गेले. वडिलोपार्जित दोन एकर, त्यात ऊस, दोन म्हशी. आम्ही बारामतीत घर घेतलं, त्यामुळे जाणंयेणं चालू राहिलं. आता निवृत्त माणसाने काय करावं? म्हशी बघाव्यात, नातवंडं बघावीत. तात्यांनी विमान घ्यायचं ठरवलं.

हसू नका. मीही हसले होते. पण तात्या नोकरीत असतानाच दर रविवारी पहाटेची एसटी धरून पुण्याला जायचे, आणि कॉलनीत सगळ्यांना वाटायचं की बहिणीकडे जातात. ते ग्लायडर शिकायला जायचे! बिनइंजिनाचं विमान. एकटे उडवून उतरवून आले होते आणि आक्काला पत्ता नव्हता. कळलं तेव्हा आक्का तीन दिवस बोलली नाही. ती तीन दिवसांची शांतता कॉलनीला अजून आठवते.

आता त्यांना हवं होतं ते टूरिंग मोटरग्लायडर. मी विचारलं, "म्हणजे नेमकं काय हो?" तात्या म्हणाले, "वैनी, मोपेड बगितलीया न्हवं? इंजिन हाय, पायडल बी हाय. तसंच. इंजिनावर वर चढायचं, मग इंजिन बंद करायचं आन नुसतं तरंगत जायाचं. दोन माणसं बसत्यात. एक किलोमीटर वर इंजिन बंद केलं तर पंचवीस किलोमीटर फुकाट."

हे सगळं त्यांच्या ओट्यावर चाललं होतं आणि तिथे बापूराव बसले होते. बापूराव पणदऱ्याचे ऊसवाले बागायतदार. निरनिराळ्या सहकारी संस्थांच्या निवडणुकांना सात वेळा उभे राहिले आणि सात वेळा पडले, म्हणून गाव त्यांना प्रेमाने 'चेअरमन' म्हणायचं.

"तात्या, म्हंजे हितनं वालचंदनगरला फुकाट?"

"वारं पाठीवर आसंल तर."

"आन तोंडावर आसंल तर?"

"मग मधी कुणाच्या तरी उसात."

बापूरावांनी तंबाखू झटकली. "तात्या, एकट्यानं घेऊ नका. आपल्याकडं एकट्यानं घ्यायची पद्धत न्हाय. संस्था काढू."

आणि काढली! आमच्या भागात माणसाला शिंक आली तरी तिच्यासाठी सहकारी संस्था निघते. अकरा सभासद, 'पंचक्रोशी सहकारी हवाई मंडळ'. बापूराव चेअरमन, तात्या व्हाइस चेअरमन. सभेचं इतिवृत्त लिहायला एकही बाप्या तयार होईना म्हणून मला सेक्रेटरी केलं. मी शाळेत गेलेली नाही, वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून अक्षरं शिकले, पण तात्या म्हणाले, "वैनींचं अक्षार सरळ रेषेत चालतंय, पट्टी लावायला लागत न्हाय." इंदापूरहून शिक्का बनवून आणला. शिक्केवाल्याकडे विमानाचं चित्र नव्हतं, त्याने कबुतर दिलं. नोंदणी व्हायची होती, विमान यायचं होतं, पण शिक्का तयार होता आणि बापूराव घरच्या दुधाच्या कार्डावरसुद्धा कबुतर उठवत सुटले होते.

मग प्रश्न आला, कोणतं घ्यायचं?

तात्यांनी पत्रं पाठवून पाठवून दोन जुनी विमानं हुडकून काढली होती. एक पुण्याच्या एका निवृत्त लष्करी साहेबांचं. पांढरं, फायबरचं, दोन चाकांवर ठाम उभं राहणारं, आणि त्यात दोघं शेजारी-शेजारी बसायचे. दुसरं बेंगळुरात. लाकूड आणि कापडाचं, सडसडीत, वेगाने जरा पुढे, पोटाखाली एकच चाक आणि पंखांखाली लहान पोरांच्या सायकलला असतात तशी दोन आधाराची चाकं. त्यात एक पुढे आणि एक मागे. पहिल्याला लोक म्हणू लागले जोडीवालं आणि दुसऱ्याला रांगेवालं.

मला वाटलं, जन्म लाकडात गेलेला माणूस, लाकडाचंच घेईल. पंखसुद्धा टोकाला दुमडायचे, म्हणजे म्हशींच्या गोठ्यात मावलं असतं. पण तात्या जोडीवाल्यावर अडून बसले. सभेत कारणं सांगितली ती वेगळी. फायबरला वाळवी लागत नाही, दोन चाकं आहेत, वगैरे. खरं कारण मला एकदा शेंगा निवडताना सांगितलं.

"वैनी, तीस वरसं ती मागं बसली. मी तिला काय दावलं? माझी पाठ. कारखान्यात तिला कधी नेता आलं न्हाय, मी काय करतू त्ये तिनं बगितलं न्हाय. आता एकदा शेजारी बसवायची आन म्हनायचं, ह्ये बग. बास. पुढचं पुढं."

मी हे लगेच जाऊन आक्काला सांगितलं. सांगायचं नसतं, माहीत आहे, पण पोटात राहीना. आक्का ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं. "शेजारी? ईऽ! आन मग धरू काय? सदरा तर शेजारनं धरता येत न्हाय. वैनी, मी आपली मागं बरी. जायाचंच झालं तर मागं बसून जाईन, न्हायतर जात न्हाय."

झालं! नवऱ्याला बायको शेजारी हवी, बायकोला नवऱ्याच्या मागे बसायचंय, आणि विमान अजून बेंगळुरात किंवा पुण्यात. तात्यांची उडण्याची उमेद होती ती एवढ्यासाठीच, आणि आक्काच येणार नसेल तर विमान घेऊन म्हशी फिरवायच्या का?

तिकडे बापूरावांनी रांगेवाल्याची बाजू धरली. त्यांचं कारण स्वच्छ होतं. "चेअरमननं पुढं बसायचं आसतंय. शेजारी कोन बी बसला तर मग चेअरमन वळकायचा कसा?"

एकमत होईना म्हणून निवडणूक ठरली. विमानाची! दोन पॅनल झाले. जोडीवाल्यांनी चिन्ह घेतलं चष्मा, रांगेवाल्यांनी शिडी. मतदार अकरा, त्यातले सहा रोज संध्याकाळी एकाच ओट्यावर बसणारे, तरी बापूरावांनी जीपला कर्णा बांधला. "शिडीसमोर शिक्का मारून रांगेवाल्याला प्रचंड बहुमतानं..." असं म्हणत जीप आली की ओट्यावरचे सहा जण जागेवरूनच ओरडत, "आरं ऐकलं, जा की फुडं!" मी एक मतदार होते, मला बापूरावांनी पाडव्याला साखरेची माळ पाठवली. तात्यांनी बोरं पाठवली. दोन्ही खाल्ली.

तात्यांनी प्रचार केला नाही. त्यांनी लाकूड आणलं.

"कागदावर माणसाला काय कळतंय? बसून बगू द्या." असं म्हणून त्यांनी अंगणात दोन्ही विमानांच्या बसायच्या जागा हुबेहूब बनवल्या. पंख नाही, शेपूट नाही, फक्त माणसं बसतात तेवढा भाग. एक जोडीचा आणि एक रांगेचा. आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या, आत खुर्च्यांची बुडं, पुढे विमान वळवायचा दांडा म्हणून खुरप्याची मूठ, आणि वरच्या काचेच्या झाकणाऐवजी वाकवलेल्या बांबूच्या कामट्यांवर प्लॅस्टिकचा कागद. मापं घेतली माहितीपत्रकांतून. ती जर्मन भाषेत होती. मी म्हटलं, "तात्या, वाचता येतं का?" तात्यांनी पट्टी हनुवटीखालून काढली, सदऱ्याला पुसली आणि म्हणाले, "भाषा आली न्हाय म्हणून काय झालं वैनी? आकडा समद्या जगात एकच."

पंधरा दिवस सगळं गाव त्यात बसून गेलं. पोस्टमन बसला, दूध घालायला आलेला गवळी बसला. जोडीच्या खोक्यात तात्या आणि बापूराव दोघे ऐसपैस बसले, तेव्हा बापूरावांचा चेहरा जरा विचारात पडला. शेवटी तात्यांनी आक्काला बोलावलं. आक्का हात पुसत आली, नाही नाही म्हणत चढली, तात्यांच्या शेजारी बसली, पदर आवरला. तात्यांनी झाकण ओढलं. झाकण बसलं. अगदी बेताचं, खांद्याला खांदा लागून, पण बसलं. तात्यांनी बाजूला वळून तिच्याकडे बघितलं. आक्काने सरळ समोर बघितलं, जसं काही फोटो काढताहेत.

"कसं हाय?"

"गरम हुतंय. उगडा."

पण उतरताना मला हळूच म्हणाली, "दिसतंय बरं का वैनी शेजारनं. त्यांच्या कानावर केस किती वाढल्यात!" मी समजले. आक्का अर्धी तयार झाली.

मतदान झालं. चष्मा सहा, शिडी पाच. गुलाल उधळला. बापूराव आठव्यांदा पडले आणि सवयीने स्वतःच सगळ्यांना चहा पाजला.

ठरल्याप्रमाणे पुण्याचे साहेब विमान दाखवायला येणार होते. बारामतीची धावपट्टी तेव्हा नवी होती. आम्ही सगळे सकाळीच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेलो, हार, नारळ, पेढे, आणि मी इतिवृत्ताची वही घेऊन. आक्काने नवी इरकल नेसली होती, आणि वर वारं असतं म्हणून आत स्वेटर. पांढरं विमान आलं, इंजिन बंद करून अगदी आवाज न करता उतरलं. बापूराव म्हणाले, "बंद पडलं वाटतं," आणि ढकलायला पळाले.

साहेब उंच, काठीसारखे बारीक, तोंडाने गोड. आधी ते तात्यांना घेऊन वर गेले, त्यांचा हात बघायला. अर्ध्या तासाने उतरले तेव्हा साहेब आम्हाला म्हणाले, "यांना मी काय शिकवू? फार हळुवार हात आहे यांचा." तात्यांची मान वर होतीच, आणखी वर गेली. "आता तुम्ही मिसेसना घेऊन एक चक्कर मारा," साहेब म्हणाले.

तात्या डाव्या बाजूला बसले. आक्काला बापूरावांनी आणि मी मिळून चढवलं. आक्का बसली. तात्यांनी हात वर करून काचेचं झाकण ओढलं.

झाकण बसेना.

पुन्हा ओढलं. आक्का म्हणाली, "थांबा, श्वास सोडते." श्वास सोडला. तात्यांनीही सोडला. बसेना. आक्काने स्वेटर काढला. बसेना. तात्या तिरके झाले, आक्का तिरकी झाली, दोघे एकाच बाजूला तिरके झाले, बापूरावांनी बाहेरून खांदा लावला आणि साहेब किंचाळले, "काच आहे, काच!" थोडक्यासाठी अडत होतं. एक इंच. इंचसुद्धा नाही.

"अंगणात तर बसलो व्हतो की!" आक्का म्हणाली.

तात्या उतरले. खिशातली पट्टी काढून त्यांनी विमानाच्या आतली रुंदी मोजली. मग थांबले. साहेबांना म्हणाले, "साहेब, तुमच्याकडं टेप हाय का?" साहेबांनी दिली. तात्यांनी तीच जागा टेपने मोजली. मग खाली धावपट्टीवर मांडी घालून बसले, टेप पसरली आणि तिच्यावर आपली पट्टी ठेवली. मी वाकून पाहिलं. तात्यांच्या पट्टीवर एक फूट संपला तेव्हा टेपवर एक फूट संपून वर पाव इंच झाला होता.

ती पट्टी पॅटर्न शॉपची होती हो! पोलाद आकसणार म्हणून तिच्यावरचा प्रत्येक इंच मुळातच लांब आखलेला, म्हणजे कारागिराला दर वेळी हिशोब करायला नको. तात्यांना हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू? त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार! पण चष्मा लावलेला माणूस घरभर चष्मा शोधतो ना, तसं झालं. तीस वर्षं तीच पट्टी खिशात, तोच फूट. माझा कोनाडा, कपाट, चौकट, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी तोंडावर पदर धरला.

तात्यांनी आक्काकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. एवढं खाली बघताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, कारण पट्टी हातात होती, हनुवटीखाली टोचायला काही नव्हतं. एवढी पत्रं, एवढी निवडणूक, एवढी बायकोची समजूत, आणि इंचभरासाठी सगळं गेलं.

आक्का अजून विमानातच बसलेली. तिथूनच म्हणाली, "आवं, लोखंड गार झाल्यावर आकसतंय त्ये ठीक हाय. आमी काय गार झाल्यावर आकसायचो?"

आधी बापूराव फुटले. मग साहेब, मग सगळे. सगळ्यांत शेवटी तात्या. असे हसले की डोळ्यांतून पाणी, आणि हसता हसता म्हणाले, "साहेब, तुमी बारीक हाय. तुमी न्या तिला."

आक्का नको म्हणत होती, पण उतरायचं म्हणजे पुन्हा दोघांनी धरून उतरवणं, त्यापेक्षा वर जाणं सोपं. विमान गेलं. तात्या धावपट्टीच्या कडेला उभे, एका हातात पट्टी, एका हातात आक्काचा स्वेटर, मान वर. वीस मिनिटं आभाळात बघत होते.

उतरल्यावर आक्काने आधी साहेबांची तक्रार केली. "वर गेल्यावर ह्यांनी इंजिनच बंद केलं! म्या म्हनलं, साहेब, उतरून ढकलू का?"

"काय दिसलं गं?" तात्यांनी विचारलं.

"समदं. कालवा दिसला. उसाचं पट्टं, कारखान्याचं धुराडं. तुमी दिसला, पट्टी घेऊन हुबं, टाचणीएवढं." मग पदर सावरला. "ह्ये असलं तुमी बगत व्हता व्हय रविवारचं? आन मला शेजारी कोन, तर साहेब. त्यास्नी काय सांगू? तुमी आपलं रांगेवालं घ्या. तुमी फुडं बसा. मला काय दावायचं न्हाय, माझं मी बगीन. मला सांगायला तुमचा कान पायजे."

तात्यांनी स्वेटर तिच्या हातात दिला. "बरं," म्हणाले. एवढंच.

आता निकाल फिरवायचा म्हणजे पुन्हा सभा. बापूराव तर आनंदाने वेडे झाले, कारण पडलेला पॅनल निवडून यायची त्यांच्या आयुष्यातली ही पहिली वेळ. पण सभेची नोटीस आधी द्यावी लागते. नोटीस दिली, तर उसाच्या पाण्याची पाळी आली, चारच जण आले. गणसंख्या नाही. सभा तहकूब. पुन्हा नोटीस. एकाच्या मेव्हण्याचं लग्न. तहकूब. तिसऱ्या सभेला आठ जण आले, रांगेवालं घ्यायचं असं एकमताने ठरलं, मी ठराव लिहिला, त्याखाली कबुतर उठवलं, आणि त्याच आठवड्यात बेंगळुराहून पत्र आलं की विमान विकलं गेलं. पुण्याच्या साहेबांनीही आपलं विकलं होतं. आम्ही वहीत दुखवट्याचा ठराव मांडला. मंडळ कागदावर अजून आहे, कारण ते बरखास्त करायच्या सभेलाही माणसं जमली नाहीत.

तात्या दोन-तीन दिवस खोक्यांकडे फिरकले नाहीत. मी भेटायला गेले तर म्हणाले, "गार होऊ द्या, वैनी." मग एक दिवस त्यांनी जोडीचं खोकं मोडून म्हशींना गव्हाण केली. आणि रांगेचं खोकं उचलून परसात शेवग्याखाली नेऊन ठेवलं, तोंड पश्चिमेला करून. रोज संध्याकाळी दोघं त्यात बसायची. पुढे तात्या, खुरप्याच्या मुठीवर हात ठेवून. मागे आक्का, मांडीवर भाजी निवडायचं ताट. आक्का बोलायची, तात्यांची मान "हां, हां" करत हलायची. एकदा मी विचारलं, "आज कुठवर?" तात्या मान न वळवता म्हणाले, "इंदापूर वलांडलं. आता इंजिन बंद केलंय, जरा गप ऱ्हावा."

मी म्हटलं, "तात्या, आता तरी साधी पट्टी आणा."

"कशाला? ह्या पट्टीनं केलेल्या वस्तूत माणूस आडकत न्हाय वैनी. अंग चोरून बसावं लागतंय का कधी?"

तात्या गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटी दवाखान्यात दोनच दिवस होते, ताप उतरेना. नर्स थर्मामीटर घेऊन आली तर तिला म्हणाले, "बाई, आता गरम हाय. आता मोजू नका." नर्सला काही कळलं नाही. आक्काला आणि मला कळलं, आणि आम्ही दोघी बाहेर जाऊन हसलो आणि मग रडलो, का आधी रडलो, ते आता आठवत नाही.

दिवस झाल्यावर मी पणदऱ्याला गेले. आक्का परसात होती, त्याच खोक्यात, मागच्या जागेवर. ताटात मेथी. पुढची जागा रिकामी, मुठीला सुतळी बांधून पट्टी लटकवलेली.

मी म्हटलं, "आक्का, मागे ऊन येतंय. पुढे बस की."

"नगं. मागं सवय हाय." आणि जुडी सोडत म्हणाली, "तुमी बसा फुडं."

"मला कुठे चालवता येतं?"

"ह्ये काय कधी उचललंय व्हय जमिनीवरनं? बसा की."

बसले. मला वाटलं होतं, माझ्या देहाला ते अडचणीचं होईल. पण गुडघ्यांना जागा होती, खांद्यांना जागा होती, सगळीकडून थोडी थोडी जास्तच. मागून माझ्या पदराचं टोक कुणीतरी मुठीत धरलं, आणि आक्का बोलायला लागली.

मी हां, हां करत राहिले.